फ्रान्समधली नोकरी, संप आणि सरकारे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या, करू इच्छिणाऱ्या किंवा मुलाबाळांच्या निमित्ताने तिकडच्या बातम्या वाचू लागलेल्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. उत्तरे देणारी मी मूळची इचलकरंजीची असून गेली १५ वर्षे लियों शहरात एका अभियांत्रिकी कंपनीत काम करते. काही प्रश्न नोकरीचे आहेत आणि काही राजकारणाचे, पण इथे राहून मला असे पक्के वाटू लागले आहे की या देशात हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत, आणि उत्तरे लिहितानाही ते मला वेगळे काढता आलेले नाहीत.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : माझ्या मुलाला ग्रनोब्ल शहरात अभियंत्याची नोकरी मिळाली आहे. फ्रान्समध्ये आठवड्याला ३५ तासच काम असते असे सगळे सांगतात, पण त्याच्या नेमणूकपत्रात तासांचा उल्लेखच नसून '२१८ दिवस' असे लिहिले आहे. त्याची फसवणूक तर होत नाही ना?

उत्तर : फसवणूक मुळीच नाही, आणि लोक सांगतात तेही खोटे नाही. आठवड्याचे ३५ तास ही कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे. तिच्यापुढचे काम जादा काम धरले जाते आणि कंपनीत किंवा त्या उद्योगात वेगळा करार झालेला नसेल, तर पहिल्या ८ तासांना २५ टक्के आणि त्यापुढच्या तासांना ५० टक्के वाढीव दराने पैसे द्यावे लागतात. पूर्णवेळ नोकरदार प्रत्यक्षात आठवड्याला सरासरी ३९ तासांच्या आसपास काम करतात. अभियंते, व्यवस्थापक वगैरे मंडळी मात्र 'काद्र' या वर्गात मोडतात आणि त्यांच्यापैकी अनेकांशी कंपन्या तासांऐवजी दिवसांचा करार करतात. हे दिवस वर्षाला जास्तीत जास्त २१८. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४, भरपगारी रजेचे २५, कामाच्या दिवशी येणाऱ्या सार्वजनिक सुट्ट्यांचे साधारण ८ आणि करारातले २१८ दिवस वजा केले, की १० उरतात. ही वार्षिक रजेखेरीजची हक्काची रजा होय. तिला सगळे 'एर-ते-ते' म्हणतात, आणि हा शब्द तुमच्या मुलाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडेल. सार्वजनिक सुट्ट्या कोणत्या वारी येतात त्याप्रमाणे हा आकडा दरवर्षी थोडा बदलतो.

याची दुसरी बाजूही त्याला सांगून ठेवा. दिवसांच्या करारात घड्याळ मोजले जात नसल्यामुळे काद्र मंडळी संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत सहज थांबतात, आणि पाच वाजता निघणारा अभियंता मी फारसा पाहिलेला नाही. तरीही दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती कायद्याने द्यावीच लागते. १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ईमेल बंद ठेवण्याच्या हक्काविषयी कामगार संघटनांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आमच्या साहेबांच्या ईमेलखाली, 'हा संदेश तुमच्या वेळेबाहेर आला असेल तर उत्तराची घाई नाही,' असे छापलेलेच असते, आणि ते खरोखरच घाई करत नाहीत.

मी रुजू झाले त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या, निवृत्तीला आलेल्या सहकारी बाईंना 'रजा किती मिळते?' असे विचारले होते. मला आकडा हवा होता. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे १९३६ चे, लेऑं ब्लुम यांच्या डाव्या आघाडीच्या सरकारने दिलेले, तेही लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसल्यावर. तिसरा आठवडा १९५६ चा. चौथा १९६९ चा, म्हणजे १९६८ च्या मोठ्या संपानंतरचा. पाचवा १९८२ चा, फ्रान्स्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावरचा. आणि ३५ तासांचे कायदे १९९८ आणि २००० चे, लिओनेल जोस्पँ पंतप्रधान आणि मार्टिन ओब्री श्रममंत्री असतानाचे. पाच बोटे मिटल्यावर त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली. आपल्याकडे रजेचा अर्ज असतो, रजेची शिल्लक असते. रजेला साल आणि सरकार असते हे मला त्या दिवशी कळले. नंतर पुष्कळ घरांतून मी हीच उजळणी ऐकली आहे, आणि उजव्या पक्षांना मत देणारी माणसेही ती तितक्याच आपुलकीने करतात.

प्रश्न (एक वाचिका, ठाणे) : माझी मुलगी पॅरिसमध्ये काम करते. ती रोज डबा नेते आणि वेळ वाचावा म्हणून कामाच्या टेबलावरच जेवते. सहकाऱ्यांनी तिला दोनदा हटकले. आपल्या जेवणाच्या वासामुळे तर नसेल, अशी तिला शंका येते.

उत्तर : वासाची शंका तिने मनातून काढून टाकावी. कामगार संहितेत एक कलम आहे, त्यानुसार कामासाठी असलेल्या जागेत कर्मचाऱ्यांना जेवू देण्यास मालकाला मनाई आहे. याचे मूळ १८९४ च्या नियमांत असून शिसे, रंग, धूळ आणि विषारी वाफांच्या कारखान्यांत माणसे तिथेच भाकरी मोडत असत, ते थांबावे हा त्यामागचा हेतू होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, हे कलम तात्पुरते शिथिल करावे लागले, तेव्हा कित्येक फ्रेंच माणसांनाही ते असल्याचे प्रथमच समजले. तेव्हा सहकाऱ्यांच्या डोक्यात कायदा असेलच असे नाही, पण टेबलावर एकटे जेवणारे माणूस त्यांना आजारी, रुसलेले किंवा कामाखाली दबलेले वाटते, आणि ते काळजीपोटी विचारतात.

डबा मात्र जरूर न्यावा. जवळजवळ प्रत्येक कचेरीत जेवणाची खोली असते, तिथे मायक्रोवेव्ह असतो आणि बारा-साडेबाराला त्याच्यापुढे रांग लागते. या रांगेत उभे राहणे ही माझ्या मते फ्रेंच शिकण्याची सर्वांत चांगली जागा आहे. माझ्या डब्यातल्या भरल्या वांग्यांवरून सुरू झालेले बोलणे वांगी कोणत्या बाजारातून आणली, तिथला शेतकरी थेट विकतो का, मग शेतीमालाचा भाव आणि मग कृषिमंत्र्यांचे काय चुकले इथपर्यंत पोहोचायला चार मिनिटे पुरतात. ज्या कंपन्यांत स्वतःचे उपाहारगृह नसते, त्यांतल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना जेवणाची कुपने देतात. त्यांच्या किमतीतला ५० ते ६० टक्के वाटा कंपनी उचलते आणि उरलेला पगारातून कापला जातो.

तिला दोन गोष्टी मात्र जपायला सांगा. त्या खोलीत राजकारणावर कितीही जोरात बोलावे, पण कोणाचा पगार किती हे विचारू नये, आणि कोणाला धर्माविषयी खोदून विचारू नये. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात सहज विचारला जाणारा 'पगार किती मिळतो?' हा प्रश्न तिथे माणसाला अवघडून टाकतो. आणि खोलीत शिरताना 'बोंजूर' म्हणायला विसरू नये. दुकानात, लिफ्टमध्ये, बस चालकाला, सगळीकडे आधी नमस्कार आणि मग काम. तो राहिला, तर पुढचे सगळे बोलणे कोरडे होते. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद फ्रेंचमध्येही असल्यामुळे मराठी माणसाला ते वळण पटकन साधते. समोरच्याने 'तू म्हण' असे सांगेपर्यंत 'तुम्ही'च म्हणावे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

प्रश्न (एक वाचिका, लालबाग) : माझे वडील १९८२ च्या गिरणी संपात होते. आमच्या घराने त्या संपानंतर जे भोगले ते मी पाहिले आहे. फ्रान्समध्ये लोक ऊठसूट संप करतात असे वाचते, तेव्हा राग येतो आणि हेवाही वाटतो. संपाच्या दिवसांचा पगार त्यांना मिळतो का? नोकरी जाण्याची भीती त्यांना वाटत नाही का?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. मीही मागाच्या पेठेत वाढले आहे. माग थांबले की पहिल्या दिवशी गल्लीतली शांतता बरी वाटते, आठव्या दिवशी किराणा दुकानदार वही उघडून दाखवतो, आणि पंधराव्या दिवशी घरातले कोणी मोठ्याने बोलत नाही, हे मी पाहिलेले आहे. त्यामुळे तुमचा राग आणि हेवा दोन्ही मला समजतात.

पगार मिळत नाही. खासगी कंपनीत जितका वेळ संप, तितका पगार कापला जातो. केंद्र सरकारच्या सेवेत तर नियम आणखी कडक असून, तासभर संप केला तरी महिन्याच्या पगाराचा तिसावा भाग जातो. काही वेळा लोकवर्गणीतून संप निधी उभारला जातो आणि तो मदतीला येतो, पण तो भरपाई करू शकत नाही. म्हणूनच बहुतेक संप एका दिवसाचे असतात, काही थोड्या दिवसांचे, आणि रोज सकाळी सभा घेऊन आणखी एक दिवस चालवायचा का हे हात वर करून ठरवले जाते. महिनोन्‌महिने चालणारे संप होतात, पण ते अपवाद आहेत. मुंबईचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असे मी जेवणाच्या खोलीत एकदा सांगितले, तेव्हा आमच्या कंपनीतले जुने युनियनचे कार्यकर्ते कितीतरी वेळ गप्प बसून राहिले. मग त्यांनी विचारले, 'घरी काय खात होते?' संप कळणाऱ्या माणसाचाच तो प्रश्न होता.

नोकरीची भीती कमी असते, कारण संपाचा हक्क १९४६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत लिहिलेला आहे आणि ती उद्देशिका आजही लागू आहे. हा हक्क प्रत्येक कामगाराचा व्यक्तिगत मानला जातो. खासगी कंपनीत संपासाठी युनियनने हाक द्यावी लागत नाही आणि फार गंभीर गैरवर्तन केले नसेल, तर संप केला म्हणून कोणाला काढता येत नाही. सरकारी आणि सार्वजनिक सेवेत मात्र युनियनने पाच दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि रेल्वे-बसच्या ज्या कर्मचाऱ्यांवर गाड्या धावणे अवलंबून असते, त्यांना आपण संपावर जाणार हे २००७ च्या कायद्यानुसार ४८ तास आधी कळवावे लागते. त्यामुळेच उद्या कोणत्या गाड्या धावणार हे प्रवाशांना आदल्या दिवशी संध्याकाळी समजते आणि लोक त्याप्रमाणे मुलांना शाळेतून आणण्याची वाटणी करतात.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण फ्रान्समध्ये युनियनचे सभासद फारच थोडे आहेत, दहा नोकरदारांत साधारण एक. तरीही युनियनने केलेल्या करारांचा लाभ दहांपैकी नवांहून अधिक लोकांना मिळतो, कारण एका उद्योगापुरता झालेला करार श्रम मंत्रालय त्या उद्योगातल्या सगळ्या कंपन्यांना लागू करते. सभासद नसलेली माणसेही मोर्चाला येतात त्याचे एक कारण मला हेच दिसते.

मी ज्या क्रुआ-रूस टेकडीवर राहते, तिथे एकेकाळी रेशमाचे विणकर राहत असत. त्यांना 'कान्यू' म्हणत. घरांची छते चार मीटर उंच आहेत, कारण नक्षी विणणारा जॅकार्डचा माग बसवायला तेवढी उंची लागत असे, आणि तो माग शोधून काढणारे जॅकार्ड लियोंचेच. मागाच्या आवाजाला इथले लोक 'बिस्तांक्लाक' म्हणतात. आमच्या इचलकरंजीतल्या धोट्याचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. नोव्हेंबर १८३१ मध्ये, ठरलेली किमान मजुरी द्यायला व्यापाऱ्यांनी नकार दिल्यावर हे विणकर 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू' असे लिहिलेला काळा झेंडा घेऊन टेकडी उतरले आणि त्यांनी काही दिवस शहर ताब्यात घेतले. सैन्य आले, मजुरीचा करार रद्द झाला, विणकर हरले. ती हार इथे अजून सांगितली जाते, शाळेच्या सहली ती घरे पाहायला येतात. मालक आणि कामगार यांचे तंटे सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी न्यायाधीश म्हणून बसतात, अशी कामगार न्यायालये फ्रान्समध्ये आहेत. त्यांतले पहिलेही १८०६ मध्ये याच शहरात, रेशीम उद्योगासाठी निघाले.

आणि एक गोष्ट मी इथल्या लोकांना आवर्जून सांगते. फ्रान्समध्ये साप्ताहिक सुट्टी १९०६ च्या कायद्याने सक्तीची झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी त्याच्या १६ वर्षे आधी, १८९० मध्ये, मिळाली होती. आपल्याकडच्या रजेलाही साल आहे आणि नाव आहे, ते आपण मुलांना बोटांवर मोजून सांगत नाही एवढेच.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेत आम्ही तीन मुख्यमंत्री पाहिले. फ्रान्सने तर त्यालाही मागे टाकलेले दिसते. सरकारे अशी का पडतात, आणि देश चालतो कसा?

उत्तर : २०२४ या एका वर्षात फ्रान्सने चार पंतप्रधान पाहिले हे खरे आहे. सध्याची व्यवस्था १९५८ मध्ये शार्ल द गॉल यांनी आणली, ती मुळी सरकारे टिकावीत म्हणूनच, कारण त्याआधी ती सारखी पडत असत. राष्ट्राध्यक्ष १९६२ च्या सार्वमतानंतर थेट जनतेकडून निवडले जाऊ लागले. निवडणूक दोन फेऱ्यांत होते आणि पहिल्या फेरीत आवडता उमेदवार निवडायचा, दुसऱ्या फेरीत नावडता पाडायचा, असे मतदार सांगतात. या रचनेमुळे बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षांच्या मागे बहुमत उभे राहत असे.

जून २०२४ मध्ये एमान्युएल मॅक्रॉन यांनी संसदेचे खालचे सभागृह विसर्जित केले. ७ जुलैला निकाल लागला तेव्हा ५७७ जागांचे तीन मोठे तुकडे झाले होते. एकीकडे डाव्यांची आघाडी, मध्ये राष्ट्राध्यक्षांचे मित्रपक्ष आणि दुसऱ्या टोकाला कडवे उजवे, आणि बहुमताला लागणाऱ्या २८९ जागांच्या जवळ कोणीही नव्हते. पंतप्रधान मिशेल बार्निये यांचे सरकार ४ डिसेंबर २०२४ ला अविश्वास ठरावाने पडले, जे १९६२ नंतर प्रथमच घडले. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान फ्रान्स्वा बायरू यांनी ८ सप्टेंबर २०२५ ला स्वतःहून विश्वासमत मागितले आणि ते गमावले. त्यानंतरचे सेबास्तियँ लकोर्न्यू यांनी ६ ऑक्टोबरला, मंत्रिमंडळाची नावे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरला त्यांचीच पुन्हा नेमणूक झाली. त्या आठवड्यात आमच्या कचेरीत रोज सकाळी पहिला प्रश्न 'आज पंतप्रधान कोण?' असा असे, आणि तो सगळे अगदी मनापासून विचारत.

आपल्याला चटकन न समजणारी गोष्ट अशी की आघाडी करण्याची सवयच त्यांच्याकडे उरलेली नाही. पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. उलट खासदाराला कोणाच्याही आदेशाने बांधता येणार नाही असे घटनेचे २७ वे कलम सांगते. म्हणजे आपल्याकडे ज्या फुटीसाठी पळवापळवी होते, तिची तिथे गरजच पडत नाही, खासदार उघडपणे हवे तसे मत देऊ शकतो. आणि तरीही आपल्या मतदाराला काय वाटेल या विचाराने तो शत्रुपक्षासोबत बसायला तयार होत नाही. बसण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. १७८९ मध्ये, राज्यक्रांतीच्या वेळच्या सभेत, राजाच्या नकाराधिकारावर वाद झाला, तेव्हा त्याचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसले, त्या बसण्यातून 'डावे' आणि 'उजवे' हे शब्द जगभर गेले. आपल्या वर्तमानपत्रांतही ते रोज छापले जातात.

बहुमत नसले तरी सरकारच्या हातात घटनेच्या ४९ व्या कलमाचे तिसरे पोटकलम असते. ते वापरले की विधेयक मतदानाविना संमत धरले जाते, आणि ते रोखायचे असेल तर अविश्वास ठराव आणून सरकारच पाडावे लागते. निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा तेव्हाच्या पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी १६ मार्च २०२३ ला असाच पुढे नेला आणि २० मार्चचा अविश्वास ठराव अवघ्या ९ मतांनी हुकला. त्या काळात मी लियोंच्या तंबाखूच्या जुन्या कारखान्यापासून बेलकूर चौकापर्यंत मोर्चाच्या कडेने चालले आहे. युनियनचे मोठाले फुगे, मसालेदार सॉसेज भाजणाऱ्या गाड्या, आजोबांच्या खांद्यावर बसलेली नातवंडे, आणि दुकानाच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवणारे दुकानदार, असे ते दृश्य होते. ७ मार्चला देशभर १२ लाख ८० हजार लोक आले असे गृहमंत्रालयाने सांगितले आणि ३५ लाख आले असे सेजेते या युनियनने सांगितले. आंदोलनाचे १४ दिवस होऊनही कायदा टिकला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये, बहुमत नसलेल्या सरकारला सामाजिक सुरक्षेचे अंदाजपत्रक संमत करून घ्यायचे होते, म्हणून तोच कायदा २०२८ पर्यंत स्थगित झाला. रस्त्यावर जे मिळाले नाही ते सभागृहाच्या गणितातून मिळाले. याचा आनंद झालेले सहकारी मला भेटले, आणि पैसा कुठून येणार या काळजीने गंभीर झालेलेही भेटले. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११० टक्क्यांहून अधिक आहे, त्यामुळे ही काळजी मला रास्त वाटते.

देश चालतो तो दोन टोकांमुळे. वर नेपोलियनच्या काळापासून, १८०० पासून, चालत आलेले जिल्ह्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले जिल्हाप्रमुख, आणि कायम सेवेतले अधिकारी आहेत. खाली सुमारे ३५ हजार गावे आणि शहरे आहेत, प्रत्येकाला स्वतःचा महापौर आहे, अगदी दोनशे वस्तीच्या गावालाही. डिसेंबर २०२४ मध्ये अंदाजपत्रक झाले नाही, तेव्हा कर गोळा करणे आणि पगार देणे चालू राहावे यासाठी संसदेने खास कायदा केला. शाळा, दवाखाने, रेल्वे चालूच राहिली. आमच्या कंपनीची एका नगरपालिकेकडची निविदा मात्र दोन महिने पुढे ढकलली गेली, म्हणजे झळ लागलीच नाही असेही नाही.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : ऑगस्टमध्ये कामानिमित्त लियोंला यायचे आहे. भेटी ठरवाव्यात का?

उत्तर : शक्य असेल तर सप्टेंबर निवडा. १५ ऑगस्टला तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची, आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे आठवडे कचेऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात. जुलैत जाणारे आणि ऑगस्टमध्ये जाणारे यांना वेगवेगळी नावे आहेत, आणि दोघांची महामार्गावर गाठ पडते त्या शनिवारी वाहतुकीचा सरकारी अंदाज 'काळा' या सर्वांत वाईट रंगात जाहीर होतो. पॅरिसमध्ये २०१५ पर्यंत बेकरीवाल्यांनी एकाच वेळी सुट्टीवर जाऊ नये, निम्म्यांनी जुलैत आणि निम्म्यांनी ऑगस्टमध्ये जावे, असा सरकारी नियम होता. शहराला पाव मिळत राहावा यासाठी बेकरीवाल्याच्या रजेचाही विचार करणारी ती व्यवस्था मला फार आवडते.

प्रश्न (एक वाचक, फोंडा) : माझा मुलगा लियोंजवळ नोकरीला लागला आहे. तो भारतीय नागरिकच राहणार आहे. तिथल्या राजकारणात त्याला काही स्थान असेल का, की कायम पाहुण्यासारखेच राहावे लागेल?

उत्तर : संसदेच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत त्याला मत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांना नगरपालिकेसाठी मत देता येते, भारतीयांना तेही नाही. सर्व परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार देण्याचे वचन मित्तराँ यांनी १९८१ मध्ये दिले होते, ते अजून पुरे झालेले नाही, आणि याची खंत मला आहे. नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षांचे वास्तव्य लागते, फ्रान्समध्ये दोन वर्षांचे उच्च शिक्षण पूर्ण केले असेल तर दोन वर्षे पुरतात. फ्रान्सची दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही, पण भारताची आहे, त्यामुळे भारतीय पारपत्र सोडावे लागते. माझ्या घरी हा विषय दर वर्षी निघतो आणि आई फोनवर असली की मागे पडतो.

तरीही निवडणूक जवळून पाहता येते. ७ जुलै २०२४ ला माझ्या शेजारीणबाई मला आमच्या भागातल्या शाळेच्या वर्गात घेऊन गेल्या. मतदान तिथे रविवारी होते, यंत्र सहसा नसते, बोटाला शाई नसते. मतदार टेबलावरून उमेदवारांच्या नावांचे छापील कागद आणि एक पाकीट घेतो, पडद्याआड जाऊन एक कागद पाकिटात घालतो, आणि पारदर्शक मतपेटीत ते टाकताच अधिकारी मोठ्याने 'आ व्होते!' म्हणजे 'मत दिले!' असे पुकारतात. रात्री आठला दार बंद झाले आणि केंद्राध्यक्षांनी मला भिंतीशी उभे राहू दिले. मतमोजणी साधे मतदारच करतात. छोट्या बाकांवर चौघे-चौघे बसले, शंभर-शंभर पाकिटांचे गठ्ठे वाटले गेले. एक जण पाकीट उघडे, दुसरा नाव वाचे, आणि दोघे आपापल्या कागदावर रेघा ओढत, दोघांच्या रेघा जुळल्या नाहीत की पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासमोरच्या बाकावर एक बेकरीवाला, एक निवृत्त परिचारिका, एक विद्यार्थी आणि आमच्या इमारतीतले वकील होते. ते कोणाकोणाला मत देतात याचा मला बऱ्यापैकी अंदाज होता, चौघांचे एकमत असणे शक्य नव्हते, आणि त्या तासाभरात त्यांनी एकमेकांना पेन्सिली दिल्या आणि आकडे पडताळून दिले.

आणि एक मत तुमच्या मुलाला नक्की आहे. ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीत कर्मचाऱ्यांची समिती निवडली जाते. तीन महिने नोकरी झालेल्या कोणालाही, नागरिकत्व कोणतेही असो, त्यासाठी मत देता येते आणि एक वर्ष झाल्यावर उभेही राहता येते. कामाच्या वेळा, सुरक्षितता, उपाहारगृह, मुलांच्या शिबिरांचे पैसे, हे सगळे त्या समितीपुढे येते. मी दुसऱ्यांदा निवडून आले आहे, आणि सध्या जेवणाच्या खोलीत आणखी दोन मायक्रोवेव्ह मिळावेत यासाठी भांडते आहे. मुलाला सूचनाफलकावरची उमेदवारांची यादी वाचायला सांगा. ती कॉफीच्या यंत्राशेजारी लावलेली असते.